रुमालाला तिकीट न्हाई

आमच्या कॉलनीत बसच्या आधी बसथांबा आला, आणि तो आमच्या घरमालकांनी आणला.

सावेडी नाक्यावरून आत, पाइपलाइन रोडच्या बाजूला तेव्हा नुकते बंगले उठत होते. निम्मे प्लॉट अजून बाभळींच्याच ताब्यात होते आणि रस्ता म्हणजे नुसता मुरूम. अशा ठिकाणी घरमालकांनी आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर पिवळा चौकोन रंगवून घेतला, त्यात ठसठशीत काळ्या अक्षरांत 'बस थांबा' असं लिहवलं आणि खाली सिमेंटचा एक बाक बांधला. बस त्या बाजूला फिरकत नव्हती. फिरकेल असं कुणी म्हटलंही नव्हतं. शहर बस नाक्यापर्यंत यायची, तिथे वळायची आणि माळीवाड्याकडे परत जायची.

रोज संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून त्या बाकावर येऊन बसत. स्कूटरवरून जाणारे लोक वेग कमी करून विचारत, "काका, गाडी आली का?" ते शांतपणे सांगत, "येतीय." त्यांना चिडवावं म्हणून विचारणाऱ्यालाच शेवटी कसंनुसं व्हायचं, कारण समोरचा माणूस खरोखर रस्त्याकडे बघत असायचा. पोरांनी त्यांचं नाव 'येतीय काका' ठेवलं. मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेले तेव्हा त्या बाकावर बसून बसून एक जागा गुळगुळीत झाली होती.

खोल्या बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्नाचं तर नाहीच नाही. बाकी घरमालकांनी हे सगळं आधी विचारून मग खोली नुकतीच गेल्याचं सांगितलं होतं. यांनी फक्त एकच विचारलं, कामावर जाणार कशा. मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते, ऑफिस स्टेशनच्या बाजूला, म्हणजे गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि लहानपणी पोलिओने माझा डावा पाय जो धरला तो सोडलेला नाही. लुना मला झेपत नव्हती आणि एका माणसासाठी आत यायला रिक्षावाले तयार नसत. मी म्हटलं, बघू, कुणीतरी नाक्यापर्यंत सोडेल. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, पण लोक बघतात तसं नाही. सामान किती आहे ते बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "गाडी येईस्तोवर सोडतील कुणी. मग बघायलाच नको."

कुणीतरी सोडत असेच. कधी बँकेतले साहेब, कधी समोरचे वकील. माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगते. पण ज्याला रोज सकाळी दुसऱ्याच्या स्कूटरवर मागे बसावं लागतं त्यालाच कळतं की त्यासाठी दात घासण्याआधीपासून चेहऱ्यावर कृतज्ञता चढवून ठेवावी लागते. उशीर झाला तर माफी, वेळेत गेलं तर आभार. एकदा वकिलांचं घरात काहीतरी भांडण झालं असावं, ते नाक्यापर्यंत चकार शब्द बोलले नाहीत. आपलंच काय चुकलं म्हणून मी त्या दिवशी ऑफिसात नाशिकचा कॉल सोलापूरला जोडला. शेवगावहून भाऊ सारखा सांगायचा, होत नसेल तर सोड नोकरी, घरी ये, शिवण शीक. होत नाही असं त्याला सांगायची वेळ येऊ नये म्हणून मी रोज कुणाच्या तरी मागे बसत होते.

घरमालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी भंडारदऱ्याला, धरणावर गेली. आम्ही बौद्ध, छप्पन्न सालापासूनचे, हे ते पहिल्याच भेटीत सांगून टाकत, म्हणजे समोरच्याला आडून आडून विचारायचे कष्ट पडत नसत. दर्शनी खोलीत काचेच्या कपाटावर बुद्धाची मूर्ती होती आणि त्याखाली, जिथे लोक चांदीची भांडी ठेवतात, तिथे त्यांनी राज्यभरच्या एसटीची वेळापत्रकं ठेवली होती. जुनी, नवी, सगळी. ते ती वाचत. आपण वर्तमानपत्र वाचतो तसं चहा पीत पीत वाचत आणि मधेच काकूंना सांगत की जामखेडची गाडी आता आष्टीवरून जाते. काकू म्हणत, "जाऊ द्या तिला, तुमचं काय घेती?"

मुलगा पुण्याला मोठ्या नोकरीत होता. वडिलांनी म्हातारपणी बसथांब्यावर उभं राहू नये म्हणून त्याने एक नवीकोरी स्कूटर आणून दिली. ती ओसरीत उभी होती. काकू उन्हाळ्यात तिच्या सीटवर सुपात कुरडया वाळत घालायच्या आणि हँडलला लसणाची गड्डी अडकवायच्या. मुलगा येणार असला की कुरडया उचलल्या जात, स्कूटर पुसली जात आणि तो गेला की परत कुरडया. मुलाला हे ठाऊक होतं असं मला वाटतं, कारण एकदा जाताना तोच डबाभर कुरडया मागून घेऊन गेला.

त्यांची भाषाही बसमध्येच वाढलेली होती. कुणाकडे बसायला गेले आणि निघायचं झालं की म्हणत, चला, आमचा थांबा आला. पंगतीत वाढपी रेंगाळला की पुढं सरका, मागं जागा हाय. वाद संपवायचा झाला की बोटाने टेबलावर दोनदा टकटक करत आणि 'डबल बेल' म्हणत, म्हणजे कंडक्टरने दोन घंट्या दिल्या, आता गाडी हलली, पुढचं बोलणं नाही. मला हे सगळं गमतीचं वाटायचं. एकच गोष्ट गमतीची नव्हती. त्यांच्या घरात कुणाची खुर्ची ठरलेली नव्हती. ते आत आले की मी सवयीने उठायची. पहिल्यांदा उठले तेव्हा ते दारातच थांबले. "भाडं भरता ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग उठता कशाला? तिकीट काढलेल्या माणसानं उठायचं नसतं."

आणि रुमाल. आपल्याकडे एसटी फलाटाला लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, पिशवी टाकायची, काहीच नसलं तर टोपी टाकायची, म्हणजे ती जागा आपली झाली. मग दारातून सावकाश चढायचं. अवघा जिल्हा हे करतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. घरमालकांना ते सहन व्हायचं नाही. रुमाल पडलेल्या सीटवरचा रुमाल ते दोन बोटांनी उचलत, नीट घडी घालत, खाली बसत आणि मालक आला की त्याच्या हातात ठेवत. "रुमालाला तिकीट न्हाई," असं म्हणत. भांडणं व्हायची. एकदा नेवाशाच्या गाडीत एका पैलवानाने त्यांची कॉलर धरली होती. काकूंनी मला सांगितलं, कॉलर धरलेली असतानाही बसलेलेच होते, उठले नाहीत.

ते बसमध्ये बसतही वेगळेच. आपण अंग चोरून बसतो, खास करून शेजारी पँटशर्टवाला असला की. हे मागे रेलून, पाठ पूर्ण टेकवून, हात मांडीवर मोकळे सोडून बसत. लग्नात वरबाप बसतो तसे. आणि कुणासाठी जागेवरून उठत नसत. मी त्यांच्याबरोबर नाक्यावरून पहिल्यांदा बसने गेले तेव्हा बस भरलेली होती, ते बसले होते आणि मी दांडा धरून एका पायावर उभी. मला वाटलं, आता उठतील. उठले नाहीत. उतरल्यावर मी गप्प आहे हे बघून म्हणाले, "तिथं एका पोराच्या दप्तराला जागा हुती. सांगायचं त्याला, उचल म्हणून. मागायचं न्हाई ताई, सांगायचं." दिवसभर मी अनोळखी माणसांशी बोलायचाच पगार घेत होते. पण तारेवर बोलणं वेगळं, तिथे आपला पाय दिसत नाही. मला ते सांगणं कधी जमलं नाही.

बस आत यावी म्हणून ते ज्या शहर बसच्या ऑफिसात खेटे घालत, तिथल्या साहेबांची आणि त्यांची आता मैत्री झाल्यासारखीच झाली होती. साहेब म्हणत, बंगलेवाल्यांना बस कशाला हवी? म्हणून घरमालकांनी कॉलनीची सभा घेतली. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण बस आली की प्लॉटला भाव येतो. वकिलांनी तर झकास भाषण केलं. बस सगळ्यांना हवी होती, बसायचं मात्र दुसऱ्याने होतं.

आणि एका चैत्रात बस खरंच आली. साहेबांनी कबूल केलं होतं, वैशाख संपेपर्यंत चालवून बघू, माणसं दिसली तर ठेवू. पहिल्या दिवशी मी बाकावर बसले होते. धुरळा उडवत ती लालभडक गाडी आमच्या मुरमाच्या रस्त्याला वळली आणि पिवळ्या चौकोनापुढे येऊन थांबली. घरमालकांनी वळून माझ्याकडे असं बघितलं की जणू रोजचीच आहे. मी चढले, बसले, तिकीट काढलं आणि थेट स्टेशनला उतरले. सकाळपासून मी कुणालाही थँक्यू म्हटलं नव्हतं, हे ऑफिसच्या पायऱ्या चढताना माझ्या लक्षात आलं. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पण बसमध्ये आम्ही किती जण? घरमालक, मी आणि घरकाम करणाऱ्या दोघी-तिघी. बंगल्यांच्या गच्चीतून बायका बसकडे बघत. बस गेली की खाली येऊन, नवऱ्याची स्कूटर मोकळी व्हायची वाट बघत फाटकात उभ्या राहत. वकीलसाहेबांनी मला एकदा हसत हसत सांगितलं, की बस ठीक आहे हो, पण आपण त्यातून उतरताना कुणी पाहिलं तर लोकांना वाटायचं, वकिलाची प्रॅक्टिस बसली. त्यांना काय, त्यांच्याकडे स्कूटर होती. कंडक्टर मला सांगायचा, "ताई, आमी रोज हवा भरून नेतो आन हवा भरून आनतो. हे काय टिकायचं न्हाई." वैशाख लागला तशी मला रात्री झोप लागेना. भावाचं आलेलं पत्रही मी फोडलं नाही, शिवणाचंच असणार.

एका संध्याकाळी बाकावर घरमालकांशेजारी बसून मी चिडून बोलले. म्हटलं, ज्यांना नको त्यांच्यासाठी तुम्ही कशाला एवढा जीव काढताय? तुमच्याकडे स्कूटर आहे. मग त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांत ते बरोबर येत नाही.

"आमच्या गावात पयली येष्टी आली तवा मी शाळंत हुतो. छप्पनच्या आधीची गोष्ट. लोकांनी गाडीला हार घातला, डायवरला ओवाळलं. आमी लांबून बघितलं. मग आठ-पंधरा दिवसांनी बाप मला घिऊन जामखेडला निघाला. आमी बसलो. पुढच्या गावाला पाटलाचा मानूस चढला आन नुसता येऊन हुबा राह्यला. काय बोलला न्हाई. बाप आपणहून उठायला लागला. सवयच हुती. तर कंडक्टर म्हनला, बसा, तिकीट काढलंय तुमी. एवढंच म्हनला आन पुढं गेला. बाप बसला. पन जामखेडपत्तुर पाठ टेकली न्हाई त्यानं. अर्ध्या बाकावर बसला हुता." त्यांनी पाठ भिंतीला टेकवली. "म्या तवाच ठरीवलं, आपन टेकून बसायचं. आन ताई, आख्ख्या जिल्ह्यात तेवढी एकच जागा हाय जिथं कोन बसलंय ह्याच्यापेक्षा तिकीट हाय का न्हाई ते आधी बघत्यात."

एरवी ते माझ्याशी थोडं सावरून बोलत. हे सांगताना जामखेडकडचे होऊन गेले होते. त्यांनी बाकावर दोनदा बोट वाजवलं.

वैशाखी पौर्णिमा आली. बुद्धपौर्णिमा, म्हणून काकूंनी पहाटे मोठा डबा भरून खीर केली. आदल्या संध्याकाळी दोघांनी बसून झेंडूचे हार ओवलेले मी बघितले होते, मला वाटलं मूर्तीसाठी असतील. एवढे हार एका मूर्तीला कसे, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मला सुट्टी नव्हती, लोक सणाला फोन करतातच. बाकावर येऊन बसले तर समोर वकिलांच्या फाटकाशी ही गर्दी. त्यांच्या मुलीचं लग्न होतं त्याच दिवशी, माळीवाड्यातल्या एका कार्यालयात. घरची मंडळी नवरीला घेऊन आधीच गेलेली. पाहुणे आणि कॉलनीतले लोक मागे राहिले होते, त्यांना न्यायला वकिलांनी खासगी गाडी ठरवली होती. पैठण्या, अत्तर, फेटे. सगळ्यांत पुढे काठी टेकत नवरीच्या आईचे मामा उभे होते. पारनेर तालुक्यातले, राळेगणसिद्धीच्या बाजूचे, पिळदार मिशा आणि तांबडा फेटा. मामा मानाचे. त्यांच्या आधी गाडीत कुणी चढणार नव्हतं.

आणि वळणावर बस आली. आमचीच, रोजची. पण कपाळावर झेंडूचा जाड हार, आरशांना आंब्याचे डहाळे, दाराला तोरण. नाक्यावर जाऊन ड्रायव्हरला विचारून घरमालकांनी ती सजवली होती आणि आतच बसून आले होते. आपल्याकडे हार घातलेली बस म्हणजे वऱ्हाडाची बस, याला दुसरा अर्थ नाही. मामा म्हणाले, "आली बगा गाडी," आणि चढले. मामा चढले म्हणून सगळे चढले. बँकेतल्या साहेबांनी तर बायकांना हात देऊन चढवलं. मी सगळ्यांच्या शेवटी चढले तेव्हा कंडक्टर दाराशी पाठ लावून उभा होता. इतकी माणसं त्या थांब्यावर त्याने स्वप्नातही बघितली नसतील.

त्याने घंटी दिली, गाडी हलली, आणि तो मामांपुढे जाऊन उभा राहिला. "कुटलं देऊ?"

मामांना वाटलं तो काहीतरी वाटतोय. "काय हाय ते द्या की."

"तिकीट. माळीवाडा का स्टेशन?"

"वऱ्हाडाला कसलं तिकीट? आमी मुलीकडचे हाय."

"मुलीकडचे असा न्हाई तर मुलाकडचे," कंडक्टर म्हणाला, "तिकीट समद्यांना सारखंच."

मग एकदम गलका झाला. बँकेतल्या साहेबांच्या लक्षात आलं ही कोणती बस आहे आणि त्यांचा चेहरा पडला. उतरा, उतरा, ही आपली नव्हे, असं ते दबक्या आवाजात सांगू लागले. बायकांनी पदर सावरले. काही उठल्यासुद्धा. ही भरलेली बस आता माझ्या डोळ्यांदेखत रिकामी होणार आणि कंडक्टर परत जाऊन हेच सांगणार, असं मला स्पष्ट दिसलं. मी घरमालकांकडे बघितलं. ते पाठ टेकून बसले होते. मांडीवर खिरीचा डबा.

मामांनी मात्र उठायची घाई केली नाही. त्यांनी वळून घरमालकांना विचारलं, "मंग हार कशापायी घातला ओ?"

"आज पुनव हाय म्हणून."

"कुनाचं लगीन न्हाई?"

"न्हाई. गाडीचाच हार हाय."

मामा विचारात पडले. मग त्यांची मिशी हलली. "आमच्या गावात पयली येष्टी आली तवा असाच हार घातला हुता," ते म्हणाले. "म्याच घातला हुता. पोरसवदा हुतो." आणि कंडक्टरकडे वळून, "द्या तिकीट. बसलोय ते आता उतरायचं कशाला? लगीन तर गाठायचंय."

मानाच्या मामांनी तिकीट काढल्यावर बाकीचे काय उतरणार? उठलेल्या बायका परत बसल्या. घरमालकांनी डबा उघडला आणि द्रोणांत खीर वाटायला घेतली. इथे एक सांगायला हवं. वकिलांच्या घरची माणसं घरमालकांच्या ओट्यावर कितीतरी वेळा आलेली, पण त्यांच्याकडचं पाणी कधी कुणी प्यायलेलं नव्हतं. कधी उपवास असायचा, कधी नुकताच चहा झालेला असायचा. वकीलीणबाईंना तर आठवड्याचे सगळे वार लागू होते. त्या बसमध्ये पहिला द्रोण मामांपुढे आला. क्षणभर सगळे बघत राहिले. मामांनी खीर संपवली, मिशी पुसली आणि द्रोण परत पुढे केला. वाटेतला दिल्ली दरवाजा येईपर्यंत डबा रिकामा झाला होता.

वकिलांनी ठरवलेली गाडी मागून आली आणि कुलूपबंद बंगल्यापुढे उभी राहून रिकामीच परत गेली. इतके दिवस आमची जात होती तशी. संध्याकाळी परतताना मामांनी हट्टाने हाराचीच गाडी पाहिजे म्हणून सगळ्यांना थांबवून धरलं. हे मुद्दाम केलं होतं का, असं मी घरमालकांना पुढे अनेकदा विचारलं. ते म्हणत, "पुनव हुती," आणि टेबलावर दोनदा बोट वाजवत.

पण खरी गोष्ट लग्नानंतर घडली. दोन-तीन दिवसांनी मी बाकावर बसले होते, तर वकीलीणबाई फाटक उघडून आल्या. इकडेतिकडे बघितलं, मग माझ्या शेजारी, बाकाच्या अगदी कडेला टेकल्या. लेकीचं सासर माळीवाड्यात पडलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, ही गाडी तिथपर्यंत जाते ना, त्या दिवशी गेली तशी? मी हो म्हटलं. "यांना म्हटलं की सोडतात," त्या म्हणाल्या. "पण कधी न्यायचं, किती वेळ बसायचं, सगळं यांच्या घड्याळावर. लेकीशी दोन शब्द बोलायला गेलं की बाहेर हॉर्न." त्या एवढं बोलल्या आणि मला इतकी वर्षं कळलं नव्हतं ते कळलं. मी स्कूटरवर परक्यांच्या मागे बसत होते, त्या नवऱ्याच्या मागे, आणि आभाराचा चेहरा दोघींनाही लागत होता.

त्यानंतर त्या एक दिवसाआड बसू लागल्या. त्यांच्याबरोबर बँकवाल्यांच्या बाई, मग त्यांच्या जाऊबाई. कुणी मंडईत, कुणी डॉक्टरकडे, कुणी नुसत्याच कापड बाजारात. गच्चीवरच्या बायका खाली बाकावर आल्या. घरमालकांची गुळगुळीत जागा आता कुणीही घेई. ते मागे भिंतीला टेकून उभे राहत आणि खूश दिसत.

वैशाखातली अमावस्या झाली. पुढचं कुणी काही सांगितलं नव्हतं. साहेब बाहेरगावी होते आणि कंडक्टरलाही ठाऊक नव्हतं. ज्येष्ठातल्या त्या पहिल्या सकाळी मी नेहमीपेक्षा बरीच आधी बाकावर गेले, तर बाक भरलेला. बायका, बँकेतले साहेब, एक कॉलेजची मुलगी. सगळे वळणाकडे बघत होते. माझ्या पर्समध्ये भावाचं न फोडलेलं पत्र होतं. बस आली नाही तर ते आज फोडायचं, असं मी ठरवलं होतं. वेळ होऊन गेली. बँकेतल्या साहेबांनी मान वळवून घरमालकांना विचारलं, "काका, गाडी आली का?" त्यांच्या आवाजात या वेळी चेष्टा नव्हती.

घरमालकांच्या कपाळावर घाम होता. ते म्हणाले, "येतीय."

आणि ती आली. धुरळ्यातून आधी आवाज, मग तो लाल रंग. मी भिंत धरून उठले. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायचं मला सुचलं नाही. कंडक्टर दारातूनच ओरडून सांगत होता, "कायम झाली, काका, कायम झाली." घरमालकांनी मान हलवली आणि इतरांसारखेच रांगेतून चढले.

माझा पाय सावकाश. मी शेवटी चढले आणि बघते तर बसायला जागाच नाही. त्या बसमध्ये मला जागा नाही असं पहिल्यांदा होत होतं आणि मला इतका आनंद झाला की मी दांडा धरून वेड्यासारखी हसत उभी राहिले. घरमालक खिडकीशी पाठ टेकून बसले होते. माझ्याकडे बघितलं. उठले नाहीत. नुसती भुवई उचलली आणि पुढच्या बाकाकडे नजर टाकली.

पुढच्या बाकावर वकीलीणबाई बसल्या होत्या. शेजारच्या जागेवर त्यांनी मंडईची पिशवी ठेवली होती आणि वर, कडा नीट जुळवून, एक पांढरा रुमाल. पुढच्या थांब्यावर कुणी मैत्रीण चढणार होती.

माझ्या तोंडात 'जरा सरकता का, प्लीज' असं अगदी आलं होतं. ते मी गिळलं.

"वहिनी," मी म्हटलं, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल इतका माझा आवाज मोठा निघाला, "रुमालाला तिकीट नाही. उचला तो."

वकीलीणबाईंनी चमकून वर बघितलं. मग त्यांनी रुमाल उचलला, पिशवी मांडीवर घेतली. मी बसले. सवयीने 'थँक्यू' ओठांवर आलं, पण त्या आधीच खिडकीतून बाहेर बघत होत्या. मागून कुणीतरी बाकाच्या दांड्यावर दोनदा बोट वाजवलं.

मी पाठ टेकली.